फॉर्मवर ‘शेतकरी’च लिहा

परवा गावातल्या एका काकाजींनी पारावर थांबवून विचारलं, “बाबू, पोराकडं अमेरिकेले जाचं हाय, तं बँकेत किती लाख दाखवा लागते?” हाच प्रश्न दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्या घरात होता. त्याचं चुकीचं उत्तर आम्हाला फार महागात पडलं, म्हणून लिहितोय.

ताई डलासला असते. तिच्या बाळंतपणाला आई-बाबांनी जायचं ठरलं. वरुड तालुक्यात बाबांची साडेचार एकर, त्यातली अडीच एकर संत्रा, बाकी कपाशी-तूर. एजंट म्हणाला, शेतकरी लिहिलं की व्हिसा गेलाच समजा, ‘व्यवसाय’ लिहू. मामाजींकडून आठ लाख उसने आणून खात्यात टाकले.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीपुढे बाबांना विचारलं, काय करता? आयुष्यभर जे केलं तेच त्यांच्या तोंडून निघालं, शेती. फॉर्मवर व्यवसाय. मग विचारलं, हे पैसे कुठून आले? बाबा आईकडे पाहत राहिले. तीन मिनिटांत पासपोर्ट परत, सोबत एक छापील कागद. तो त्यांनी चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ताईचं बाळंतपण तिकडे एकटीनंच झालं. आईनं तिच्यासाठी बांधलेले डिंकाचे लाडू आम्ही इथेच संपवले.

त्या कागदावर व्हिसा नाकारल्याचं कारण म्हणून कलम 214(बी) होतं. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातलं. पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहायला चालला आहे असं धरूनच व्हिसा अधिकारी सुरुवात करतात. मी परत येणार, हे पटवून द्यायचं काम अर्जदाराचं. त्या नकारावर अपील नाही. पुन्हा फी भरून नव्याने अर्ज करता येतो, आमच्या वेळी माणशी 185 डॉलर होती. आणि जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं, तर कायमची बंदी येऊ शकते. ती एजंटवर येत नाही, आपल्यावर येते.

मला चीड याची येते की ज्याचं परत येणं सगळ्यात पक्कं, त्या शेतकऱ्यालाच कागदावर ते दाखवता येत नाही. पगाराची स्लिप नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बहुतेकांकडे रिटर्नही नाही. पासबुक कापूस विकला की भरतं आणि बी-खताच्या दिवसांत कोरडं पडतं. पण संत्र्याचं झाड लावल्यावर पाच-सहा वर्षं पाणी घालत वाट पाहावी लागते, तेव्हा कुठे फळ हाती येतं. अशी बाग टाकून कोण परदेशात लपून राहील? हेच त्या खिडकीवर सांगायचं असतं आणि नेमकं तेच आपण लपवतो.

दुसऱ्या वेळी फॉर्म मीच भरला. काम, शेती. खर्च ताई-जावई करणार, तेही खरं तेच लिहिलं. जाणं संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड झाल्यावर डिसेंबरात, येणं मे महिन्यात. मुलाखत मराठीतून झाली. परत कधी येणार, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, “मिरगाच्या आंधी. पेरनी हाय ना मायी.” सातबारा, आठ-अ, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या अशी जाडजूड फाइल नेली होती, ती कोणी उघडलीही नाही. व्हिसा मिळाला. असं बोललं की मिळतोच, असं मी म्हणत नाही, निर्णय त्या अधिकाऱ्याचा. पण या वेळी बाबांना घाबरायचं कारण नव्हतं.

आईचं मात्र वेगळं. तिलाही विचारलं, तुम्ही काय करता? पहिल्या खेपेला पढवल्याप्रमाणे तिनं “गृहिणी” सांगितलं होतं. या खेपेला म्हणाली, “मीबी शेतीच करतो.” तीस वर्षं निंदण-वेचणी करणाऱ्या बाईचं सातबाऱ्यावर नाव नव्हतं, हे त्या फायलीमुळे पहिल्यांदा आमच्या डोळ्यांत खुपलं. परत आल्यावर बाबांनी तलाठ्याकडे जाऊन लक्ष्मी मुक्तीचा, म्हणजे बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायचा, अर्ज दिला.

आणखी एक. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. एका खेपेला साधारण सहा महिने देतात, आणि परत निघायची शेवटची तारीख तिकडे उतरल्यावर ठरते. ती पाळाच.

आपल्या भागातल्या कोणाला फॉर्म भरायचा असेल तर रविवारी सकाळी घरी या. पासपोर्ट आणि आधार सोबत आणा, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधी पाहू. पैसे उसने आणू नका.