पिन बसली म्हणजे झालं?

गणपतीत चाळीच्या साउंडचं काम माझ्याच गळ्यात पडतं, कारण मी इंजिनिअर आहे. सिव्हिलचा. पण गिरगावात एवढा बारीक भेद कोणी करत नाही.

यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी व्हायोलिनला पिझो पिकअप, म्हणजे वाद्याच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा चिमुकला तुकडा, बसवून घेतला. वायर मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली, काकूंनी गज ओढला आणि स्पीकरमधून नुसती किरकिर. खालचे सूर गायबच.

"पिन बसली ना? मग वाजायलाच पाहिजे!" सेक्रेटरी म्हणाले. आत शिरता आलं की पुढचं आपोआप होतं, यावर या शहराचा ठाम विश्वास आहे.

तळमजल्यावरचे अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. "दोन्हीकडे ६०० ओहम पाहिजेत. इम्पीडन्स मॅच कर!" (इम्पीडन्स म्हणजे सिग्नलच्या वाटेतला अडथळा, मोजायचा ओहममध्ये.) मैलोन्मैल लांब टेलिफोन लाइनसाठी ते बरोबरच होतं. आमची वायर मात्र मंडपाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. इथे देणाऱ्याचा इम्पीडन्स कमी आणि घेणाऱ्याचा निदान दहापट असला की भागतं. घेणारा म्हणजे चहाला आलेला पाहुणा: ओहम जास्त, तितका तो कमी पितो. पिझो पिकअप म्हणजे कपभर दुधाचं घर. तिथे १० लाख ओहमचा, "नको नको, घोटभरच" म्हणणारा पाहुणा हवा. आम्ही पाठवला मिक्सरच्या लाइन इनपुटचा १० हजारवाला. त्याने किटलीच तोंडाला लावली.

"म्हणजे मॅच करायचंच नाही?" अण्णा.

"नाही."

"मग आम्ही जन्मभर काय केलं?"

याचं उत्तर देण्याएवढा मी मोठा नाही. डीआय बॉक्स, म्हणजे पिकअप आणि मिक्सर यांच्यातला मध्यस्थ, आणायला सरळ इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे. पाटी वाचतो कोण?) "डीआय बॉक्स कायको, साब? कन्व्हर्टर पिन ले जाओ, सस्ते में हो जाएगा." पिन बदलून ओहम बदलत नाहीत, हे सांगायला गेलो तर मागची रांग खवळली. शेवटी १० लाख ओहम इनपुटचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स मिळाला, बॅटरीसकट.

परत येतो तर पोरांनी ८ ओहमचे चारही स्पीकर बॉक्स एकाच आउटपुटला समांतर जोडलेले. चार आठे बत्तीस, हे त्यांचं गणित. प्रत्यक्षात होतात २. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर 'किमान ४' असं स्वच्छ छापलंय, पण पाठ भिंतीकडे. ऐन आरतीत त्याने प्रोटेक्टचा लाल दिवा लावला आणि मौन धरलं. आरती थांबली नाही. चाळीतल्या गळ्यांना स्पीकर कधी लागलाच नव्हता. मी आपला तापलेल्या डब्याशी वाकून दोन-दोन बॉक्स सिरीजमध्ये घेतले, मग त्या जोड्या समांतर. पुन्हा ८.

रात्री काकू वाजवायला बसल्या. भरदार, स्वच्छ आवाज, एकही सूर वाया नाही. आणि निषाद दर वेळी कुठे घसरतो, तेही प्रथमच अख्ख्या चाळीला कळलं. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.