हिरा गॅसवर धरू नका

गेल्या रविवारी माझ्या मावशीचा फोन आला. आजीकडून तिला मिळालेल्या हिऱ्यांच्या कुड्या फिक्या दिसू लागल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे तिला घरीच पाहायचे होते. "चिमट्यात धरून गॅसवर तापवू का रे? मग गार पाण्यात टाकायच्या म्हणे," असे तिने विचारले, तेव्हा सुदैवाने गॅस अजून पेटवलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ज्या संदेशातून हा उपाय तिच्यापर्यंत पोहोचला, त्याचे सांगणे असे: खऱ्या हिऱ्याला स्वतःचा प्रकाश असतो व तो अंधारातही चमकतो, प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याची चमक दोन-तीन वर्षांत उतरते, श्वासाची वाफ खऱ्या हिऱ्यावर टिकत नाही, आणि खरा हिरा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला तरी त्याला काही होत नाही.

सर्वांत घातक असलेला शेवटचा मुद्दा आधी घेतो. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि कार्बन जळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी 1772 मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला होता. उघड्या हवेत साधारण 700 ते 800 अंश सेल्सिअसच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका होऊ लागतो, आणि स्वयंपाकघरातील गॅसची ज्योत त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. हिऱ्याच्या पोटात आधीच एखादी बारीक चीर असेल, तर एकदम गार पाण्यात पडल्यावर ती वाढू शकते. शिवाय सोन्याचे सांधे सुटतात ते वेगळेच. अशा तापवण्याने काच तडकते, हे खरे आहे, आणि बहुधा त्यामुळेच हा उपाय लोकांना पटतो. पण खोटा खडा ओळखण्यासाठी खऱ्याचाही नाश करणाऱ्या कृतीला परीक्षा म्हणता येत नाही.

आता 'स्वतःच्या प्रकाशा'विषयी. 1851 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात कोहिनूर मांडला होता. तो पाहायला लोकांची रीघ लागली आणि बहुतेक जण निराश होऊन परतले, कारण हिरा झळकेचना. त्याच्याभोवती गॅसचे दिवे लावावे लागले, तरी फारसा फरक पडला नाही. अखेर 1852 मध्ये त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि त्यात सुमारे 186 कॅरेटचा तो हिरा 105.6 कॅरेटवर आला. चमक जर दगडातूनच निघत असती, तर जगातील इतक्या नावाजलेल्या हिऱ्याचे जवळजवळ निम्मे वजन घालवण्याची वेळ कोणावर आली नसती.

हिरा बाहेरून आलेला प्रकाश परत फिरवतो, एवढेच. पण ते काम तो विलक्षण कौशल्याने करतो. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचे माप, 2.42 आहे, तर साध्या काचेचा सुमारे 1.5. त्यामुळे हिऱ्याच्या आत शिरलेला किरण मागच्या पैलूच्या लंबाशी 24.4 अंशांहून मोठा कोन करून आदळला, की बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. काचेत हीच मर्यादा 41 अंशांच्या आसपास असल्याने बराच प्रकाश मागून निसटतो. मागचे पैलू नीट कोनात असतील, तर किरण फिरून वरच्या बाजूने डोळ्यांकडे येतो आणि येताना त्याचे रंगही वेगळे होतात. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घराण्यातील अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये गणिताने दाखवले, की गोल हिऱ्याच्या खालच्या पैलूंना सुमारे 40.75 अंशांचा उतार हवा. हिरा त्याहून फार उथळ किंवा फार खोल कापला, तर दगड कितीही निर्मळ असला तरी तो मंद दिसतो. काही हिरे अतिनील प्रकाशात निळसर उजळतात आणि त्यांतले थोडे दिवा काढल्यावर क्षणभर मिणमिणतात, हे मान्य. पण तेही आधी घेतलेली ऊर्जाच परत देत असतात, आणि बहुतेक हिरे तेवढेही करत नाहीत.

प्रयोगशाळेत घडवलेला हिराही कार्बनचाच, त्याच रचनेचा आणि त्याच अपवर्तनांकाचा असतो. त्याची चमक उतरण्याचे कारणच नाही. वापराने ओरखडे पडून निस्तेज होतो तो अमेरिकन डायमंड, म्हणजे झिरकोनिया, आणि हा पदार्थच वेगळा आहे. संदेशाने दोन्ही एकाच पारड्यात टाकले आहेत. वाफेच्या कसोटीत मात्र थोडे तथ्य आहे, कारण हिऱ्यातून उष्णता फार लवकर वाहते. पण मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडाही तसाच वागतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

राहिला मावशीच्या कुड्यांचा प्रश्न. हिऱ्याला तेल-तूप चटकन चिकटते, आणि मागच्या पैलूंवर तेलकट थर बसला की आतून परत फिरणारा प्रकाश तिथेच निसटू लागतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून त्यात कुड्या अर्धा तास ठेवायला आणि मऊ ब्रशने मागून, जिथे कोंदण उघडे आहे तिथून, हलकेच घासायला मी तिला सांगितले. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. वाटीतले पाणी गढूळ झाले होते आणि सगळे खडे खिडकीतल्या उजेडात झळकत होते. खऱ्याखोट्याची शहानिशा आता रत्नपरीक्षकाच्या भिंगाखाली होईल. त्यासाठी ती शनिवारी जाणार आहे.