मशीन लावल्याने कान आळशी होतात? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. आधी माहेरच्या ग्रुपवर, मग शाळेतल्या निवृत्त शिक्षकांच्या आणि शेवटी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या. "ज्येष्ठांनो, कानाच्या मशीनच्या नादी लागू नका" अशी त्याची सुरुवात. पुढे पाच मुद्दे. मशीन लावलं की कान आळशी होतात आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं. तिळाच्या तेलात लसूण जाळून रोज रात्री दोन थेंब घातले की एकवीस दिवसांत कानाची नस मोकळी होते. ऑनलाइन मिळणारं दोन हजारांचं मशीन आणि लाखाचं मशीन आतून सारखंच, मधला पैसा कमिशनचा. घ्यायचंच तर एका कानाला पुरे. आणि ज्यांनी घेतली त्यांची मशिनं कपाटात पडून आहेत.

मी सहा वर्षं दोन्ही कानांना मशीन लावते. त्याआधी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची काही वर्षं मागच्या बाकावरच्या मुलांचं बोलणं नीट कळत नसताना शिकवलं. त्या मुलांची आठवण मला अजून टोचते. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तेलाचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात घाई आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या वहिनींनी खाली लिहिलं होतं, "ह्यांच्या डाव्या कानाला मंगळवारपासून दडा बसलाय, आजपासून हे सुरू करतेय." तो शुक्रवार होता. मी तडक वर जाऊन त्यांची बेल वाजवली.

कानात घातलेलं तेल पडद्यापाशी थांबतं. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं, आणि त्यांच्याही आत, कवटीच्या टणक हाडात, शंखासारखी गुंडाळलेली कॉक्लिया. एका कानातल्या कॉक्लियात पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात. आवाजाची थरथर नसेला समजेल अशा संदेशात बदलायचं काम त्या करतात. वयाने, वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने किंवा काही औषधांनी त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत, आणि तेल तिथवर पोचतच नाही. मग तेलाने गुण आला म्हणणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांच्या कानात मळ घट्ट बसलेला असतो, तो तेलाने मऊ होऊन सुटतो. पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल मधल्या कानात उतरून पू धरू शकतं. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तेलकट कानात बुरशी लागायला वेळ लागत नाही.

सगळ्यात घातक आहेत ते एकवीस दिवस. एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत कमी झालं आणि दोष नसेचा निघाला तर स्टेरॉइडची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. पहिले दोन आठवडे फार मोलाचे. तेल घालत एकवीस दिवस बसलं तर ते हातचे गेले. वहिनींच्या यजमानांना, म्हणजे भाऊंना, त्याच संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानात मळ नव्हता. ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला तर भाऊंना आवाज उजव्या, म्हणजे चांगल्या कानात आला. ही नसेच्या दोषाची खूण. पुढे ऐकण्याची तपासणी झाली आणि गोळ्या त्याच रात्री सुरू झाल्या. ऐकणं किती परत येईल ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत, सोमवारी पुन्हा तपासणी आहे. पण निदान वेळ तरी वाया गेली नाही.

आता "कान आळशी होतात" याकडे वळते. वयाबरोबर बहुतेकांचे आधी पातळ, तीव्र आवाज जातात. तपासणीनंतर ऑडिओग्रामचा कागद मिळतो, त्यावर उजव्या कानाचे लाल गोल असतात आणि डाव्याच्या निळ्या फुल्या. माझ्या दोन्ही रेषा हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजांपुरत्या, जवळपास सपाट होत्या आणि पुढे घाट उतरावा तशा खाली गेलेल्या. बोलण्यात स्वर जाड आणि मोठे असतात, स, श, त, ख यांसारखी व्यंजनं पातळ आणि हलकी. ताट, खाट, साठ या शब्दांतला "आ" मला स्पष्ट यायचा, त्याच्या आधी काय होतं ते हरवायचं. उरलेलं मी अंदाजाने भरत होते. म्हणून तर घरचे म्हणतात, "हिला हवं तेव्हा बरं ऐकू येतं."

हा अंदाज मेंदू बांधतो, आणि मेंदूला व्यंजनंच मिळाली नाहीत तर त्यांची ओळख फिकी होत जाते. १९८४ साली सिलमन, गेलफंड आणि सिल्व्हरमन या अमेरिकी संशोधकांनी दोन्ही कानांनी कमी ऐकणारी प्रौढ माणसं तपासली. काहींनी एकाच कानाला मशीन लावलं होतं, काहींनी दोन्हींना. चार-पाच वर्षांनी पाहिलं तर एकाच कानाला लावणाऱ्यांची, मशीन नसलेल्या कानाने शब्द ओळखण्याची क्षमता घसरली होती. दोन्हींना लावणाऱ्यांमध्ये तशी घसरण दिसली नाही. मेसेजमध्ये लिहिलंय त्याच्या बरोबर उलट. आणि "एका कानाला पुरे" या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. रिक्षा कुठून येतेय, पंगतीत कोण बोलतंय हेसुद्धा दोन कानांनीच कळतं. एक कान ठणठणीत असेल किंवा दुसऱ्यात मशीनच्या उपयोगाचं काही उरलंच नसेल, तर गोष्ट वेगळी.

लोकांना हे खरं का वाटतं तेही मला कळतं. दिवसभर मशीन लावून रात्री काढलं की घर एकदम मुकं वाटतं. चष्मा काढल्यावर धुरकट दिसतं, तसंच. त्यात वयाबरोबर ऐकणं थोडं थोडं कमी होतच असतं आणि खापर फुटतं मशीनवर.

"मशीन लावा, स्मृतिभ्रंश टळेल" असा उलट्या बाजूचा मेसेजही फिरतो. तोही तसाच्या तसा घेऊ नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अमेरिकी चाचणीत सत्तरीपुढच्या सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नव्हता. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण बरीच मंदावली होती.

स्वस्त मशीनच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून इथे जरा थांबते. दोन हजारांचं ते यंत्र बहुतेकदा नुसता आवाज वाढवणारं असतं. पंखा, स्टीलची ताटं, शेजारचा ड्रिल आणि नातवाचं बोलणं, सगळं एकसारखंच मोठं. आमच्यासारख्यांची अडचण अशी की हलके आवाज येत नाहीत, पण मोठे आवाज इतरांइतकेच मोठे लागतात. म्हणून हलका आवाज बराच वाढवायचा, मोठा अगदी थोडा, आणि तोही प्रत्येक पट्टीत ऑडिओग्राम बघून वेगवेगळा. ज्यात ही सोय नाही आणि कमाल आवाजाला लगामही नाही, ते यंत्र सतत लावलं तर कानाला खरंच इजा होऊ शकते. मशीनने कान जातात ही भीती कदाचित इथूनच निघाली असेल.

पण लाखाचंच हवं हेही खरं नाही. वरच्या किमतीत गोंगाट कमी करायची जास्त हुशारी, मोबाईलशी जोडणी, चार्जिंग अशा सोयी मिळतात. ऐकू येणं अवलंबून असतं ते मशीन तुमच्या कानाला नीट बसवण्यावर. माझं पहिलं मशीन स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतलं. तपासणी दहा मिनिटांत, दार उघडं, बाहेर बसचे हॉर्न. पंचेचाळीस हजार दिले. फोन कानाशी नेला की शिट्टी, नातवाला जवळ घेतलं की शिट्टी. तक्रार केली तर "सवय होईल, बाई" एवढंच उत्तर. चार महिने ते कपाटात होतं.

मग मैत्रिणीने एका ऑडिऑलॉजिस्टचं, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञांचं, नाव सुचवलं. त्यांनी आवाजबंद खोलीत नव्याने तपासणी केली. कानाचा साचा घेतला. मशीन लावलेलं असतानाच कानात बारीक नळी सरकवून पडद्याजवळ किती आवाज पोचतो ते मोजलं आणि त्याप्रमाणे जुळणी केली. मशीन तेच, पंचेचाळीस हजारांचं. घरी येऊन कणीक मळायला घेतली तर किणकिण ऐकू आली. मी इकडेतिकडे बघत राहिले. माझ्याच हातातल्या बांगड्या होत्या. त्यांचा आवाज कधी गेला होता ते मला कळलंही नव्हतं. दुसऱ्या कानाचं मशीन त्यानंतर दोन महिन्यांनी घेतलं.

तेव्हा घेताना एवढं बघा: तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे (ऑडिऑलॉजिस्टची नोंदणी इथे होते) नोंदलेली आहे का, घरी लावून बघायला काही दिवस मिळतात का, पुढच्या जुळणीचे पैसे किमतीत धरलेत का. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. पैशांची अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तपासणी होते, आणि अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मशीन मिळू शकतं. केईएम, नायर, सायनला कान-नाक-घशाचे विभाग आहेतच.

उरला कपाटाचा मुद्दा, आणि तो खरा आहे. माझं होतं, तुमच्याही घरात असेल. पहिले काही आठवडे कागद चुरगळल्याचा, नळाचा, स्वतःच्याच गिळण्याचा आवाज अंगावर येतो. रोज दोन तासांपासून सुरुवात करा, आधी घरातल्या शांततेत, मग बाजारात. लोकलच्या गर्दीत सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नवीन बॅटरीवरचा रंगीत स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबा, मगच ती आत घाला, कारण ती हवेवर चालू होते. आणि कपाटातलं मशीन टाकून देऊ नका. जुनी बॅटरी आत राहिली असेल तर काढा, कानात बसणारा भाग कोरड्या फडक्याने पुसा, आणि जुन्या ऑडिओग्रामसकट तपासणीला घेऊन जा.