घर पाहावं भाजून

घर पाहावं बांधून, म्हणतात. तुम्ही ते बेळगावात बांधताय, तेव्हा आधी धीर देतो. घरात ऊन किती शिरावं याचेही नियम दिल्लीत झालेत. 2018 साली 'इको-निवास संहिता' आली. भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरमागे 15 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, छपराचा यू-व्हॅल्यू (छपरातून उष्णता किती सहज आत शिरते तो आकडा) 1.2 च्या वर जाऊ नये, असं बरंच काही तिच्यात आहे. (नुसता उघडा स्लॅब या परीक्षेत सपशेल नापास.) पण घाबरू नका, संहिता 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी, म्हणजे जवळजवळ पाच गुंठ्यांसाठी. तुमची अनगोळची साईट तीस बाय चाळीस फुटांची. सुटलात!

आता मोकळेपणानं भाजून घ्या. पश्चिमेला खालपासून वरपर्यंत निळी काच लावा. गवंडीमामा म्हणतील, "दुपारचं ऊन सरळ आत येतंय की वो, वर छज्जा तरी काढूया." ऐकू नका. त्यांनी जन्मभर घरं बांधलीत, इन्स्टाग्राम कुठं बघितलंय? छज्ज्यानं एलिव्हेशन मरतं. खानापूरच्या आजोबांच्या घराला चिऱ्याच्या दीड फुटी भिंती होत्या, वर कौलं, कौलांखाली माळा. ऊन माळ्यावरच अडकायचं. यू-व्हॅल्यू हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता, म्हणून त्यांना असलं मागासलेलं घर बांधावं लागलं.

गच्चीला चुना मारू नका, पांढरी गच्ची शेजाऱ्यांना गरिबी वाटते. त्यापेक्षा काळी टाकी बसवा. मे महिन्यात दुपारी तीनला गार पाण्याचा नळ सोडा, हात भाजेल. सोलर हीटरचा खर्च वाचला. रात्री नऊला पलंगावर उभं राहून स्लॅबला हात लावून बघा. सूर्य कधीच मावळलेला असतो, स्लॅबला मात्र कुणी कळवलेलं नसतं.

मग एसी घ्याच. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटच्या आत राहिलं तर ठरलेली वीज फुकट आहे ना! दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिट धरा. रोज आठ तास, वीस रात्री, झाले 200. एकविसाव्या रात्री 200 ची रेघ ओलांडली की सवलत जाते आणि अख्खं बिल हातात पडतं. ते कन्नडमध्ये असतं, पण आकडा आपल्याला बरोबर वाचता येतो. त्यावर सरकारला मनसोक्त शिव्या द्या. काचेचं नाव काढू नका, तिचे हप्ते अजून चालू आहेत.

एप्रिल उजाडताच वडील पिशवी भरतील आणि "खानापूरला जाऊन येतो" म्हणतील. थेट मिरगालाच परततील. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, म्हाताऱ्या माणसांना गावची ओढ असतेच.