सोलरच्या टाकीचा व्हेंट पाइप बुजवू नका

‘सोलरचे गरम पाणी बारीक येते, कारण टाकीवरच्या उघड्या नळीतून पाइपात हवा शिरते, त्या नळीला एंड कॅप (तोंड बंद करणारे टोपण) लावा, भर दुपारी टाकी रिकामी करून पुन्हा भरा आणि हवा उलट दाबाने ढकला,’ असा संदेश सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. नाशिकला माझ्या मावशीच्या इमारतीत तर प्लंबर एंड कॅप घेऊन गच्चीवर पोहोचलाही होता, म्हणून हे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

पाइपात हवा अडकते आणि थंड पाण्याची टाकी रिकामी पडली की ती व्हेंटमधूनही, म्हणजे टाकीवरच्या त्या उघड्या नळीतूनही, आत येते, एवढे मान्य. परंतु व्हेंट बुजवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, ते संकटाला आमंत्रण आहे. घरगुती सोलरची टाकी सहसा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. तिचा आतला पत्रा पातळ असतो. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेले की सुमारे ५ लिटरने फुगते, आणि थंड पाण्याच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असेल, तर त्या पाण्याला व्हेंटखेरीज वाट उरत नाही. उलट बाजूही तितकीच घातक आहे. वरून पाणी बंद असताना टाकीच्या ३ मीटर खाली कोणी गरम पाण्याचा नळ उघडला, तर पाइपातले पाणी टाकीला आतून ओढते आणि पत्र्याच्या दर चौरस मीटरवर बाहेरच्या हवेचा सुमारे ३ टनांपर्यंत भार येऊ शकतो. टाकी चेपण्यास तेवढा पुष्कळ झाला. व्हेंटमधून पाणी सांडते ही तक्रार असेल, तर त्याची उंची थंड पाण्याच्या टाकीतील सर्वांत वरच्या पातळीपेक्षा अधिक करावी.

भर दुपारी टाकी भरण्याचा सल्लाही चुकीचाच. उन्हात कोरड्या राहिलेल्या काचेच्या नळ्या आतून २०० अंशांच्याही वर तापतात आणि त्यांवर थंड पाणी पडले की तडकतात. टाकी भरायचीच असेल, तर सकाळी ऊन येण्यापूर्वी भरावी.

उलट दाबाच्या युक्तीत थोडे तथ्य आहे: मिक्सरचे, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे, तोंड बंद धरून दोन्ही बाजू उघडल्या आणि थंड पाण्याचा दाब अधिक असला, तर हवा मागे सरकते. मात्र तेव्हाही व्हेंट उघडाच हवा. शिवाय हवा पुन्हा साठते, कारण गरम होताना पाण्यात विरघळलेली हवाही सुटते आणि पाइप जिथे कठड्यावरून उलट्या ‘यू’सारखा वळवलेला असतो, तिथेच अडकून बसते. त्या उंच जागी अडकलेली हवा बाहेर सोडणारा वेगळा एअर व्हेंट बसवून घ्यावा, किंवा पाइप टाकीपासून नळापर्यंत सलग उताराने पुन्हा टाकून घ्यावा. प्लंबर गच्चीवर आलाच आहे, तर त्याच्याकडून हे काम करून घ्यावे.