तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की रॅमच्या कामाचे 350 रुपये घेतले, तरी कॉम्प्युटर चालू करताना बीप वाजतेच. नेटवर बघितलं तर एक बीप म्हणजे रॅम फॉल्ट. शेवटी खानापुरात एकाने दोन मिनिटांत बीप बंद करून दिली, तीही फुकट. म्हणजे आम्ही फसवलं.

स्टारचं राहू दे. मला त्या दोन मिनिटांचीच जास्त काळजी वाटली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुम्ही सीपीयू स्कूटरवर बांधून बेळगावला आणलात तेव्हा स्क्रीन काळी होती आणि लांब बीप थांबून थांबून सारखी येत होती. तुमच्या मदरबोर्डवर अवॉर्ड कंपनीचा बायोस आहे; बायोस म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम. तो असा ओरडला की रॅमकडे बघायचं. काढून बघितली तर पट्टीवर काळपट थर. खानापूरचा पाऊस आणि ओल मी तुम्हाला काय सांगायची! खोडरबरने पट्टी घासली, स्लॉट ब्रशने झाडला, रॅम टक् वाजेपर्यंत दाबून बसवली आणि दोन तास मेमरी टेस्ट लावून ठेवली. नवी रॅम घातलेली नाही, तिचे पैसेही लावलेले नाहीत.

त्यानंतर जी एक छोटी बीप येत होती, ती ‘सगळं ठीक आहे’ची. बटण दाबलं की विंडोज यायच्या आधी बायोस प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले तपासून घेतो आणि पास झालं की एकदा वाजतो. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीपासूनची ही रीत आहे.

मग नेटवरचं खोटं का? खोटं नाही, ते दुसऱ्या घरचं आहे. बायोस बनवणारी दुसरी कंपनी एएमआय, तिच्या जुन्या तक्त्यात एक बीप म्हणजे मेमरी रिफ्रेशचा, म्हणजे रॅमचाच बिघाड, पण तसं असेल तर स्क्रीनवर काही येतच नाही. तुमचा तर विंडोजपर्यंत जात होता. डिस्प्लेची तक्रार असेल तर अवॉर्ड एक लांब, दोन छोट्या देतो. एएमआय आठ छोट्या देतो. फिनिक्स कंपनीचा बायोस तर मध्ये थांबत गटागटाने मोजायला लावतो. काउंटरवर दिवसभर मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी ऐकणाऱ्या आम्हाला याचं नवल वाटत नाही, पण कोण बोलतंय ते आधी बघावं लागतं.

आता ती दोन मिनिटं. बोर्डवरच्या चार पिनांवर दोन वायरींचा, नखाएवढा काळा गोल बझर असतो, बीप तोच वाजवतो. माझा अंदाज, त्यांनी तो उपसून काढला. बिघाड नव्हताच, त्यामुळे दुरुस्त काही झालं नाही; फक्त मशीन मुकं झालं. पुढच्या पावसाळ्यात रॅम परत रुसली तर स्क्रीन काळी आणि आवाज शून्य, आणि कुणीतरी ‘बोर्ड गेला’ म्हणून हजारोंत उतरवेल. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर यासाठी छोटे दिवे असतात. तुमच्या जुन्या बोर्डवर ते नाहीत.

चूक आमची कुठे झाली तेही सांगतो. बिलावर नुसतं ‘सर्व्हिस 350’ लिहिलं. डिलिव्हरीच्या वेळी मी बाहेर होतो, पोराने सीपीयू हातात दिला आणि त्या बीपबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन वाक्यं बोलला असता तर तुमची खानापूरची फेरी वाचली असती. आता बिलावर आधीची बीप कशी होती आणि नंतरची कशी, दोन्ही लिहितो.

बझर बहुतेक कॅबिनेटमध्येच लोंबत असेल. नसेल तर माझ्याकडे जुन्या डब्यांतले पडलेत, फुकट बसवून देतो. एक मात्र बघा, काम चालू असताना करंट गेल्यावर वाजतं ते यूपीएस, त्याचा सीपीयूशी संबंध नाही. येताना फक्त सीपीयू आणा, मॉनिटर आणि कीबोर्ड इथे आहेत. रविवारी दुकान बंद असतं.