‘नवी वनस्पती सापडली’ ही थाप नाही

दर पावसाळा सरला की हा मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला सहा ग्रुपवर आला, त्यातले दोन तर निसर्गप्रेमींचे. थोडक्यात असा: ‘सह्याद्रीत नवी वनस्पती सापडल्याच्या बातम्या म्हणजे धूळफेक. ही झाडं आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतीच. उरलीसुरली इंग्रजांनी लिहून ठेवली. आता पाकळीत जरा फरक दिसला की नवी जात जाहीर करायची, आपलं नाव लावायचं आणि दहा वर्षांनी तेही बदलायचं. सामान्य माणसाला याचा काडीचा उपयोग नाही.’

मी अनेक वर्षं वनस्पतींचे नमुने गोळा करतो, दाबून सुकवतो, कागदावर चिकटवून त्यांच्या शीट लावतो. या मजकुराने मला खरोखर वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आज्या-पणज्यांना माहीत होतं, हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचा मला अभिमान आहे. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने तो करवून घेतला, पण त्यातलं ज्ञान होतं इट्टी अच्युतन या वैद्याचं आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं. त्या तिघांचं कोंकणीतलं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुढे लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याकडच्या कितीतरी झाडांना नावं दिली, ती याच ग्रंथातली चित्रं समोर ठेवून.

पण आजीचा प्रश्न वेगळा असतो आणि वर्गीकरणाचा वेगळा. हे खातात का, कशावर चालतं, गुरांना बाधतं का, हे आजीला माहीत हवं असतं. म्हणून बाजारात ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. कातळावरच्या ज्या खरचुडीचे कंद गुराखी पोरं उकरून खातात, ती एक वनस्पती नाहीच. सेरोपेजिया या गटातल्या अनेक जाती त्या नावाखाली येतात. शहरात त्यांना आपण कंदीलपुष्प म्हणतो. या फुलाची खाली नळी असते आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून कंदिलासारखी खिडकी होते. माशी आत शिरते, नळीतले खालच्या दिशेने वळलेले केस तिला परत येऊ देत नाहीत. फूल जून झालं, केस सुकले, की ती परागपिंड, म्हणजे परागकणांचे गोळे, अंगावर घेऊन सुटते. पोटासाठी कंद पुरेसा असतो, पण जात ओळखायला ही नळी उभी कापून आत पाहावं लागतं. अंजनेरीच्या डोंगरावर हनुमानाच्या दर्शनाला वर्षानुवर्षं हजारो लोक चढतात. तिथल्या सेरोपेजिया अंजनेरिका या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं ते २००६ साली.

इंग्रजांनी सगळं लिहून ठेवलं? फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरचा ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत आला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ मध्ये. मी दोन्ही रोज वापरतो, दोन्हींविषयी मनात आदर आहे. पण सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरची, झाडं जून-जुलैत उगवतात, ऑक्टोबरपर्यंत बी टाकून नाहीशी होतात. त्या धुक्यात, निसरड्या वाटांवर, नेमक्या फुलोऱ्याच्या दोन आठवड्यांत तिथे कोणीतरी असावं लागतं.

आणि सह्याद्रीचा हा डोंगर एकसारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरच्या फलटणला ५०० च्या आसपास. मधलं प्रत्येक पठार, प्रत्येक कडा म्हणजे दऱ्यांनी वेढलेलं बेट. बी सहसा उडून समोरच्या पठारावर जात नाही, परागण बाहेर होत नाही, आणि दीर्घ काळात त्या बेटाची वेगळी जात घडू शकते. उष्ण कटिबंधातल्या डोंगरांत जगभर हेच चालतं.

नवं झाड दुर्गमच असतं असंही नाही. २०२४ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही जात जाहीर केली, ती तळेगाव दाभाडेच्या माळावरची. पावसाळ्यानंतर ती एकदा फुलते, आणि उन्हाळ्यात वणवा लागून गेला की मुळाच्या गड्ड्यातून खुरटे कोंब येऊन मे-जूनमध्ये पुन्हा. जळक्या माळावर फुलं शोधायला कोण जाणार?

पाकळीत फरक दिसला की नवी जात, या आरोपाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. गेंदाचं उदाहरण घ्या. कासला पांढऱ्या बटणांसारखा जो पसरलेला दिसतो तो गेंद. त्याचं एक बोंड म्हणजे एक फूल नव्हे, ती डझनावारी फुलांची वस्ती असते. बोंड कोमट पाण्यात भिजवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी एकेक फूल सुटं करायचं. नर वेगळे, मादी वेगळ्या. दलांवरचे केस, परागकोशांचा रंग, मग बीच्या सालीवरची नक्षी. सुई जराशी हलली की फूल गेलं, दुसरं घ्या. असं एका ठिकाणच्या एका झाडाचं करून भागत नाही. उंच, खुरटी, सावलीतली, उन्हातली, सगळी पाहावी लागतात, कारण पाणी कमी पडलं म्हणून बुटकी राहिलेली जुनीच जात असू शकते. मग जवळच्या साऱ्या जातींचे टाइप नमुने, म्हणजे ज्यावरून मूळ नाव दिलं गेलं ते, पाहायचे. आता बऱ्याचदा डीएनएही तपासतात. २०२१ मध्ये सिंधुदुर्गातून एरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम ही गेंदाची नवी जात नोंदली गेली ती अशा खटाटोपातून. माझ्या हातून ‘नवी’ वाटलेले बहुतेक नमुने शेवटी जुनेच निघाले. ते कळणं हाही कामाचाच भाग.

घाईने होणारी कामंही आहेत, हे नाकारत नाही. एकाच वाळलेल्या नमुन्यावरून जात जाहीर करणारे असतात. पण टाइप नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात, ठेवल्याशिवाय नाव ग्राह्यच धरत नाहीत, त्यामुळे कोणीही तो उघडून चूक दाखवू शकतं. दाखवतातही.

स्वतःच्या नावाचा मुद्दा लवकर संपतो. झाडाला स्वतःचं नाव द्यायची रीत नाही. शास्त्रीय नावामागे वर्णन करणाऱ्याचं नाव येतं ते कोणतं वर्णन हे कळावं म्हणून, संदर्भासारखं. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाचं नाव सेरोपेजिया शिवरायना आहे, छत्रपतींच्या स्मरणार्थ.

नावं बदलतात, हे खरं. शिवनेरीच्या कड्यावर येणाऱ्या शिंदळमाकुडीला डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ च्या सुमारास फ्रेरिया इंडिका म्हटलं, पुढे ती कॅरालुमा या गटात गेली, मग बूसेरोसियात. प्रत्येक वेळी कारण छापून आलं. नातेसंबंध नव्याने कळले म्हणून नोंद दुरुस्त केली, यात लपवाछपवी कसली? कड्यावरचं झाड तेच आहे, आणि जुनं नाव शोधलं तरी त्याच झाडापाशी पोचता येतं.

राहिला उपयोग. कोकणातला सडा सात-बारावर ‘पोटखराब’ म्हणून लागतो. तिथे जांभ्याची चिरेखाण निघते, सुरुंग लावून खड्डे होतात, बाहेरून माती आणून कलमं लावली जातात. पोट भरायला ते करणाऱ्याला मी दोष देत नाही. पण एखाद्या सड्याबद्दल हरकत घ्यायची तर कागदावर काय लिहायचं? ‘इथे छोटी पांढरी फुलं येतात’? ज्या वनस्पतीला नावच नाही, ती धोक्यातल्या जातींच्या यादीत येत नाही. पर्यावरणाच्या अहवालात ती ‘गवत’ म्हणून मोजली जाते.

माझ्याकडे चार पावसाळ्यांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका सड्यावरून आणलेला गेंदाचा नमुना आहे. फुलं तपासून झाली, पिकलं बी मिळालेलं नाही, म्हणून शीटवर नावाची जागा कोरी आहे. मागच्या खेपेला त्या सड्याच्या पूर्वेकडे खाण सुरू झालेली दिसली, नमुना जिथून आणला ते डबकं तिच्यापासून साठ-सत्तर पावलांवर होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बी पिकायला हवं, तेव्हा परत जातो आहे.